डोंगेवाल्याला मारलेली हाक

‘आता कसा सुरात गायलास,’ हे वाक्य ऐकलं की मला आजही शिसारी येते. माझ्या मित्राच्या अल्बमबद्दल भंडाऱ्यात जो भेटेल तो हेच म्हणत होता, आणि म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्याला आधी कधी धड ऐकलेलं नव्हतं.

मित्र रॉक गाणारा. तारुण्याची वर्षं त्याने नागपूरच्या एका बँडमध्ये घातली. टाळ्या गिटारवाल्याला पडायच्या. याचा आवाज घोगरा, म्हणून टिंगल. बँड मोडल्यावर तो भंडाऱ्यात परतला, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मला म्हणाला, ‘‘आता मी माही गानी करतो. तू बेस वाजव.’’ मी शाळेत गणित शिकवतो आणि बेस गिटार वाजवतो. दोन्ही कुणी मन लावून ऐकत नाही.

बाकी मंडळीही दोस्तच. झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवणारा एक, लग्नाच्या वरातीत धुमालचे ढोल वाजवणारा एक. रेकॉर्डिंगसाठी करडी गावातल्या एका राइस मिलचं गोदाम मिळालं. चारही बाजूंनी छतापर्यंत धानाची पोती, त्यामुळे आवाज घुमत नाही. नाकात कोंडा जायचा, दर कडव्याला कुणीतरी शिंकायचं, आणि तरीही तसं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यातलं एक गाणं त्याच्या गावाचं. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्याआधी त्याचा बाप वैनगंगेवर डोंगा चालवायचा. पलीकडून लोक ‘ओऽऽ डोंगेवालेऽऽ’ अशी हाक मारत आणि बाप ‘आलोऽऽ’ म्हणत डोंगा सोडायचा. शाळेतून परतताना हाही तशीच हाक मारायचा. गाण्याच्या शेवटी त्याने तीच मारली. वर चढताना ती फाटली. ऑर्गनवाला पट्ट्यांवरचे हात उचलून तसाच बसून राहिला. बाप आता पुनर्वसनाच्या कॉलनीत दारात नुसता बसून असतो. त्याला ती हाक ऐकवायची, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

मिक्सिंग ऑर्गनवाल्याने घरच्या कॉम्प्युटरवर केलं. दोस्तीखात्यात त्याने आवाजही ‘साफ’ केला. घोगरेपणा धुऊन काढला, सूर ओढून जागेवर बसवले, आणि ती हाक अशी गुळगुळीत केली की ती कुणाचीही असू शकली असती. घाण काम मन लावून केलेलं असलं की जास्तच किळस येते. मी भांडायला गेलो तोवर गाणं मोबाइलवरून गावोगाव फिरत होतं.

‘‘बेसूर ठेवून कोन आयकन?’’ ऑर्गनवाला म्हणाला. ‘‘पब्लिक उठून जाते, गुरुजी. तुले काय मालूम.’’

मित्र आमच्या मधोमध बसला होता. ‘‘राहू दे,’’ तो म्हणाला. ‘‘लोकायले आवडून रायलं ना.’’

बापाला ते मोबाइलवर ऐकवलं तेव्हा मी तिथे होतो. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘‘चांगला गाते. कोन व्हय हा?’’ मित्र हसला. मला त्या हसण्याचाही संताप आला.

दिवाळीनंतर कोंढा गावच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, आम्हाला बोलावणं आलं. दुपारची वेळ, दंडारीचा खेळ नुकताच संपलेला, मांडवात दाटी, आणि मागे मित्राने आणून बसवलेला त्याचा बाप. ऑर्गनवाल्याने ठरवून टाकलं होतं की रेकॉर्डच लावायचं. गाणाऱ्याने ओठ हलवायचे आणि आम्ही वाजवल्यासारखं करायचं. तोंडात माशी गेल्यासारखं वाटत होतं, तरी मी उभा राहिलो. पोरं नाचत होती. शेवटची हाक यायच्या तोंडाशी लाइट गेली आणि स्पीकर मेले.

मित्राचं तोंड उघडंच होतं. त्यातून हाक निघून गेली, माइकशिवाय, फाटकी, गोदामातली तीच. मांडवाच्या मागच्या टोकाला त्याचा बाप उभा राहिला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, ‘‘आलोऽऽ.’’

लोक पोट धरून हसले. ‘‘बुढ्याले बसवा रे खाली,’’ कुणीतरी म्हणालं. समोरचा एक जण मित्राला म्हणाला, ‘‘थांब ना भाऊ, लाइट येऊ दे. काहून बोंबलून रायला?’’

आणि हा थांबला. नागपुरात शिट्ट्या आणि टोमणे खाऊनही ज्याने एक गाणं मध्ये सोडलं नव्हतं, तो थांबला, ओशाळवाणं हसला आणि जनरेटरवाल्याला हात केला.

जनरेटर धडधडलं. ऑर्गनवाल्याने रेकॉर्ड थोडं मागे घेतलं. हाक पुन्हा आली, सुरात, आणि टाळ्या पडल्या. बापाचे हात अजून तोंडाशीच होते. त्याने ती हाक पूर्ण ऐकली, हात खाली घेतले आणि बसला.