अर्ध्या बोटाची उंची

३ एप्रिल, मंगळवार. सकाळी धुकं, मग कोरडी हवा. ईस्टरची उरलेली अंडी शेजारी वाटली. दुपारी क्लबचा दुभाषा कू येऊन गेला. वेंडलला उद्या सोलला नेणार. आज रात्री त्याला अंथरुणाला पाठ लावू द्यायची नाही, म्हणतो. मुळ्याचं सार केलं, मीठ कमी पडलं.

एवढं लिहून अगाथाबाईंनी पेनाला टोपण लावलं. शाळेत असताना फ्रेंच सिस्टरांनी लावलेली सवय होती ती. घडलं ते वहीत लिहावं, वाटलं ते देवाला सांगावं, असं त्या सिस्टर म्हणायच्या. त्यामुळे नवरा गेला त्या दिवशीच्या पानावरही हवामान होतं आणि दवाखान्याची वेळ होती, बाकी काही नव्हतं.

वरच्या मजल्यावर वेंडल येरझाऱ्या घालत होता. लाकडी जिना प्रत्येक फेरीला कुरकुरत होता.

भानगड अशी होती. कोरियाच्या बास्केटबॉल लीगने त्या वर्षी नवा नियम काढला होता: परदेशी खेळाडू दोन मीटरहून उंच नको. आणि वेंडल हार्ग्रोव सकाळी उठला की दोन मीटरच्या जरा वर असे, संध्याकाळपर्यंत जरा खाली येई. दिवसभर उभं राहून माणसाचा कणा दबतो, रात्री आडवं झालं की पुन्हा ताणतो. उद्या सोलला लीग त्याची उंची मोजणार होती; मापात बसला तर पुढचा करार, नाही बसला तर सामान बांधायचं.

त्याचं सगळं आयुष्यच उंचीवर गेलं होतं. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलला त्याची आई शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला होती. पोरगा दाराच्या चौकटीला लागला तेव्हा तिने कपाळावर हात मारला, की आता ह्याला विजारी कुठून आणू! त्याच उंचीने त्याला कॉलेजात नेलं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या संघांनी त्याला दोनदा बोलावलं आणि मुलगी बघून नकार कळवावा तसं दोन्ही वेळा गोड बोलून परत पाठवलं. मग तुर्कस्तान, लेबनॉन, तैवान. करार नेहमी एका हंगामाचा. खोली क्लबची, गादी आदल्या खेळाडूची. प्रत्येक क्लब कागदावर त्याची उंची दोन बोटं वाढवून लिही, कारण उंच माणूस आणला म्हटलं की तिकिटं खपतात. वेंडलने कधी हरकत घेतली नाही. आता पहिल्यांदाच कुणाला खरी उंची हवी होती, आणि ती नेमकी जास्त भरत होती.

कोरियातल्या वोन्जूला तो आला तेव्हा तरुणपण ओसरलं होतं. क्लबने गावाबाहेरच्या इमारतीत घर दिलं. सामना संपला की मैदानावर हजारो लोक त्याचं नाव घेत ओरडत, आणि तासाभराने तो टीव्हीचा आवाज बंद करून एकटा बसलेला असे. आवाज कळत नव्हता, मग कशाला ठेवायचा? जेवायला तो डुकराचं मांस भाजून देणाऱ्या एका खानावळीत जाई. तिथे शेगडी पेटवायची तर दोघांची ऑर्डर द्यावी लागते. तो दोघांची देई. मालकीणही रीतीप्रमाणे चॉपस्टिक्सचे दोन जोड मांडी, एक त्याच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या जागी.

त्या मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणे. एका संध्याकाळी अगाथाबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि वर्षभर त्यांनी भाजलेलं मांस खाल्लं नव्हतं, कारण एकटीला कोण वाढणार?

"ताई, एकटीसाठी शेगडी नाही पेटवता येत, माहीत आहे ना?" मावशी म्हणाली.

"माहीत आहे गं. नुसता वास घ्यायला आले."

मावशीने त्यांचा दंड धरला, कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं आणि वेंडलसमोर बसवलं. "हा पण एकटा, तुम्ही पण एकट्या. मिळून दोन माणसं झाली. आता मुकाट्याने जेवा."

सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी अगाथाबाईंना आठवून आठवून बोलावं लागलं. पण हंगाम संपायच्या आत वेंडलने गावाबाहेरचं घर सोडलं आणि तो त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आला. पाय अंथरुणाबाहेर राहत म्हणून बाईंनी दोन गाद्या जोडून शिवून दिल्या. तो त्यांना आजी म्हणू लागला. थोरांच्या हातून पेला दोन्ही हातांनी घ्यायला शिकला, थोरांनी घास घेतल्यावर जेवायला शिकला. दरवर्षी वसंतात करार संपे, दरवर्षी क्लब नवा करी. त्याची आई गेली त्या दिवशी इथे सामना होता. तो खेळला, जिंकून आला, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून राहिला. क्लार्क्सडेलच्या त्या घरात आता दुसरं कुणी राहत होतं.

"इथून गेलो तर परत कुठे जायचं, मला ठाऊक नाही," नियमाची बातमी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता.

बुधवारी सकाळी अगाथाबाई उठल्या तेव्हा तो अंगणात उभा होता, खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. कूने सांगितलं होतं, वजन घेतलं की माणूस लवकर दबतो. चेहरा राखेसारखा झालेला.

मावशी गल्लीतून जाताना थांबली. "काय रे, हमाली धरलीस? माझ्याकडे कोळशाची पोती आहेत, तीही ने."

"किती कमी झालो, मावशी?"

"कमी कसला होतोस? माझा बल्ब बदलायला अजून शिडी लागत नाही तुला."

तो हसला, आणि हसताना त्याच्या पाठीत लचक भरली. पोतं खाली पडलं. त्याला सरळ होता येईना.

मग अगाथाबाईंनी तेच केलं जे त्या गावातल्या कुठल्याही बाईने केलं असतं. ताप येवो, हातपाय मोडो, दुःख होवो, तिथे औषध एकच: खालून तापवलेली उबदार जमीन. त्यांनी आतल्या खोलीची ऊब वाढवली. जमिनीचा सगळ्यात गरम कोपरा त्यांचा स्वतःचा होता, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा. तिथे त्यांनी गोधडी अंथरली.

"पड जरा."

"आजी, नको. कू म्हणाला आहे..."

"कूला काय कळतं? पोरगा खुर्चीवर वाढलेला. अरे, पाठ अशी आखडलेली असताना माणूस काठीसारखा ताठ राहतो. उबेने सांधे सैल झाले की आपोआप खाली बसशील. पीठ नाही का सैल होत?"

"थोडा वेळ बसतो फक्त."

"माझी जागा देते आहे तुला. नको म्हणतोस?"

दोनदा नाही म्हणावं, तिसऱ्यांदा थोरांचं ऐकावं, हेही तो इथेच शिकला होता. तो दोन्ही हात टेकवून वाकला आणि आडवा झाला. पाय उंबऱ्यापर्यंत आले. बाईंनी त्यावर आपली शाल टाकली. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि गल्लीत कुणी ओरडू नये म्हणून स्वतः बाहेर पायरीवर बसल्या.

कू गाडी घेऊन आला तेव्हा सूर्य वर आला होता.

"आजी, कुठे आहे तो?"

"हळू बोल. झोपलाय."

"झोपलाय?" कूने डोकं धरलं. "अहो आजी, झोपेत माणूस वाढतो!"

"वाढायचं वय आहे का त्याचं?"

 कूने वेंडलला उठवलं, गाडीत घातलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बाईंनी गोधडीची घडी घातली. जमीन अजून गरम होती. त्या तिथेच बसल्या, जपमाळ हातात घेऊन. अर्ध्यावर त्यांना शाळेतला शरीराच्या आकृतीचा तक्ता आठवला: पाठीचा कणा, एकावर एक ठेवलेले मणी, आडवं झालं की सैल होऊन लांबणारे. सगळ्यात पुढच्या बाकावर बसून त्यांनी तो धडा पाठ केला होता. हातातले मणी पुढे सरकेनात.

दिवस मावळताना तो परतला. बूट काढून, वाकून, आत आला.

"किती?" बाईंनी विचारलं.

त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. अर्धं बोट. तेवढंच जास्त.

"ती झोप."

"आजी..."

"खोटं बोलू नकोस. ती झोपच ना?"

वेंडल त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे त्याच्या खांद्यांपर्यंत येत. "हो," तो म्हणाला. "पण सांगू? एवढ्या वर्षांत तशी झोप मला कुठेच लागली नव्हती. कुणीतरी दाराबाहेर बसलंय, हे मला झोपेतही कळत होतं."

 बाई सार गरम करायला उठल्या, आणि चूल न पेटवताच बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या.

तैवानच्या एका संघाला उंच माणूस हवाच होता. त्यांनी फोनवर विचारलं, कागदावर उंची किती लिहू? वेंडल म्हणाला, हवी तेवढी लिहा.

विमानतळाची बस सुटायच्या वेळी मावशी आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा घेऊन धावत आली.

"विमानात वास सुटेल, मावशी."

"सुटू दे. शेजारचा उठून जाईल, तुला पाय पसरायला जागा होईल." एवढं बोलून तिने तोंड वळवलं आणि उगाच बसच्या ड्रायव्हरवर खेकसली, की पुढची सीट दे ह्याला, डोळे नाहीत का?

वेंडल अगाथाबाईंपुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वाकला. भर रस्त्यात, बसस्टँडवर. लोक थांबून बघत राहिले. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यापर्यंत त्यांचा हात पहिल्यांदाच पोचला.

"जेवत जा," त्या म्हणाल्या.

बस गेली. मावशी घरापर्यंत सोबत येते म्हणाली. बाईंनी तिला खानावळीकडे पाठवलं आणि एकट्या, नदीच्या बाजूने, लांबच्या रस्त्याने घरी आल्या.

१६ एप्रिल, सोमवार. दिवसभर ऊन, वारा पश्चिमेचा. वेंडल सकाळच्या बसने गेला. सोयाबीन आंबवायच्या माठांना ऊन दिलं, संध्याकाळी झाकणं लावली.