पाव टाकीवरचा काटा

गाड्यांची मीटर दुरुस्त करणाऱ्या मीटरवाल्या मावशींनी उतरवलेल्या काट्याखाली तबकडीवर कधी ओरखडा सापडला नाही, हे त्यांचे हितशत्रूसुद्धा मान्य करत. तबकडीवर जाड कागद अंथरून, काट्याच्या बुडाशी दोन बाजूंनी दोन चमचे सरकवून, त्या दोन्ही चमचे एकदम दाबून काटा सरळ वर उचलत. काटा पिरगळला किंवा एका अंगाने उचकटला, तर खालची नाजूक दांडी वाकते. उतरवण्याआधी प्रत्येक काट्याची जागा पातळ कागदावर रेखायची आणि तारीख घालून कागद फाइलला लावायचा, हा शिरस्ता त्यांनी सत्तावीस वर्षे मोडला नव्हता.

नर्सबाई आल्या त्या गाडीच्या मीटरमधला दिवा गेला म्हणून. मावशींचे हात चालू होते, नर्सबाईंचे तोंड.

“भाऊजींना गाडी देणं बंद केलंय मी. भर रस्त्यात पेट्रोल संपवून बसले, माझी ड्युटी बुडाली. वर म्हणतात, ‘वहिनी, काटा पाव टाकी दाखवत होता.’ धादांत खोटं! सहा महिने बोलणं बंद आहे.”

“तुम्हाला कधी तसं दिसलं?”

“मी कशाला तिथवर जाऊ देते? अर्ध्यावर आला की भरते.”

मावशी थबकल्या. दोन वर्षांपूर्वी हेच मीटर त्यांनी उघडले होते. त्यांनी फाइल काढली. कागदावर पेट्रोलचा काटा पावावर रेखलेला होता. या मीटरचा काटा गाडी बंद केली तरी होता तिथेच राहतो. मावशींनी मात्र तेव्हा काटा उतरवल्यावर टेबलावर वीज जोडून पाहिली होती. टाकीशिवाय दांडी फिरून रिकाम्यावर गेली असणार. आणि काटा बसवला तो कागदाबरहुकूम, पावावर! म्हणजे तेव्हापासून टाकी रिकामी झाली तरी काटा पावच दाखवणार.

गुपचूप काटा सरकवला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता. मावशींनी वीज जोडली. टेबलावर टाकी नव्हतीच, तरी काटा पावावर ठाम उभा.

“बघा. तुमचे भाऊजी खरं बोलत होते. चूक माझी.”

“अगं बाई! मावशी, मी त्यांना सासूबाईंसमोर खोटारडे म्हटलंय हो.”

“बोलवा त्यांना. त्यांच्यासमोरच दुरुस्त करते.”

दीर आले ते तोंड फुगवूनच. मावशींनी सगळे सांगितले, चमचे लावले आणि काटा अलगद उतरवून रिकाम्यावर बसवला.

नर्सबाईंनी किल्ली पुढे केली. “चुकलं माझं, भाऊजी.”

“इथे काय सांगता, वहिनी? आईसमोर सांगा.”

“सांगते.”

“मीही येते,” म्हणत मावशींनी तो कागद फाइलमधून सोडवला.