डाव्या कानासाठी तीन अल्बम

तुमचे दोन्ही कान चालू आहेत, की एकच कान दोघांचं काम ओढतो आहे, हे तुम्ही शेवटचं कधी तपासलं?

मी कधीच तपासलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी, गोंदियातल्या एका कान-नाक-घसा दवाखान्यात, काचेच्या छोट्या खोलीत बसल्यावर ते कळलं. या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. कानांवर हेडफोन लावतात, हातात बटण देतात, आणि बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानात आवाज येत गेले, मी दाबत गेले. मग डाव्या कानाची पाळी आली. तपासणी करणाऱ्या मॅडम कधी सुरू करतात याची मी वाट बघत बसले. काचेपलीकडून मॅडमही माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी केव्हाच सुरू केलं होतं.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. वरची लाल रेघ उजव्या कानाची. निळी डाव्या कानाची, ती पार खाली पडलेली.

"सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस," ते म्हणाले. म्हणजे कानाची बाहेरची वाट मोकळी आहे, पडदा शाबूत आहे, पण आतला शंखासारखा भाग किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस एकाएकी काम थांबवते. दुखत नाही, वाहत नाही. म्हणून माणूस फसतो.

"कितने दिन हो गए?" त्यांनी विचारलं.

"आठवडा. थोडं वरच."

"और आप कर क्या रही थीं?"

सोबत आलेल्या बाबांनी खाली बघितलं. "पत्रक लिहीत होते," मी म्हणाले.

"कान को पत्रक पढ़ना नहीं आता, बेटा," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहायला लागले.

त्या आठवड्यात काय झालं ते सांगते, कारण इतरांनी टाळायचं ते नेमकं तेच आहे.

आम्ही गोंदियाजवळच्या दवनीवाड्याचे. बाबांचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका पोटासाठी, पत्रकं मनासाठी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरूनच, त्यामुळे कुठलीही गोष्ट घडली की तिचं मथळ्यात रूपांतर करायची मला सवय आहे. मिरवणुकांतल्या डीजेविरुद्ध मी वर्षभर लिहीत होते. कुणाच्याही मिरवणुकीतला डीजे, आमच्या जयंतीचासुद्धा. त्यावरून वस्तीत बोलणी खाल्ली. "आपल्याच लोकाईच्या मागं कायले लागून राहिली वो तू?" असं मला तोंडावर विचारलं गेलं. मी म्हणायचे, छातीत धडधडणारा आवाज विचार सांगत नाही.

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक झाली. दोन दिवसांनी सकाळी जाग आली तेव्हा वाटलं, कूलर बंद पडला, लाईट गेली असणार. पण मच्छरदाणी कूलरच्या वाऱ्याने हलत होती. मी उजव्या कुशीवर झोपले होते, उजवा कान उशीत होता. उठून बसले आणि कूलरची घरघर परत आली. डाव्या कानात मात्र कापूस कोंबल्यासारखं, आणि त्यात एक बारीक शिटी. या शिटीला टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसतो, कानच तो तयार करतो.

आई म्हणाली, "मळ असंल. तेल कोमट करून टाकतो, थांब." तेल टाकलं. मेडिकलवाल्याने मळ सुटायचे थेंब दिले. तेही टाकले. दोन्हींनी काही झालं नाही, आणि खरं म्हणजे मला त्यात फारसा रसही नव्हता. कारण मला कारण सापडलं होतं. डीजे. वर्षभर मी जे ओरडून सांगत होते त्याचा पुरावा आता माझ्याच डोक्याला लागलेला होता. मी लिहायला बसले. 'माझा कान घेतला, आता तुमचा नंबर' असा मथळा. बाबांनी रात्रीत छापून दिलं. गठ्ठे बांधून झाले. आणि मग एके दिवशी बाबा दुकानात माझ्या डाव्या बाजूला उभे राहून हाका मारत राहिले आणि मी कागद कापत राहिले. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले. "चाल, गोंदियाले जाऊ," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांना मी डीजेबद्दल विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान सहसा दोन्ही कानांत दिसतं आणि आलेखावर त्याचा खड्डा वरच्या पट्टीत पडतो. माझी रेघ तशी नव्हती.

"मग कारण काय?" बाबांनी विचारलं.

"पता नहीं. ज़्यादातर केस में पता चलता ही नहीं."

"कारणाशिवाय कसं होईल?" बाबा म्हणाले. ते आयुष्यभर गावागावांत हेच सांगत आले आहेत, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

"कारण होगा. हमको मिलता नहीं, इतना ही." डॉक्टरांना बाबांचा राग आला नाही. "डीजे बुरा है, आप लिखो. पर ये कान उसमें मत डालो."

स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. स्टेरॉईड म्हणजे सूज उतरवणारं जोरकस औषध. त्याने साखर वाढू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. ही औषधं पहिल्या काही दिवसांत दिली तर उपयोगाची शक्यता जास्त, दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. काहींचा कान पूर्ण येतो, काहींचा अर्धा, काहींचा येतच नाही. माझा कोणता, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. नागपूरला एमआरआय करून घेतला, नसेवर गाठ नाही ना हे बघायला. गाठ नव्हती. त्या नळीत पडून असताना यंत्र ठोकल्यासारखं वाजत होतं आणि मला तो आवाज एकाच बाजूने येत होता.

परत आल्यावर आमच्या मंडळातला प्रफुल दुकानात गठ्ठे न्यायला आला. मी त्याला सांगितलं, हे वाटायचं नाही.

"ताई, कारण माहीत नाही म्हणाले ना डॉक्टर? म्हणजे डीजे नाही असंबी नाही ना."

"ते तसं नाही म्हणाले."

"पण लोकं वाचून राहिले असते. कान गेला म्हटलं तं वाचतेतच."

"म्हणूनच नाही."

त्याने उचललेला गठ्ठा परत खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझं हे असंच राह्यते. आपलं सगळं खरंच पाह्यजे तुले." गठ्ठे तिथेच राहिले. मागच्या कोऱ्या बाजूवर बाबा आता लग्नपत्रिकांची प्रुफं काढतात.

गोळ्यांनी कान जरासा हलला, फार नाही. मग पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन द्यायचं ठरलं. याला इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आधी बधिर करतात. गरगरतं, थोडा वेळ एका कुशीवर पडून राहावं लागतं, गिळायचं नाही.

तपासणीवाल्या मॅडमनी त्याच्या जोडीला एक काम सांगितलं. चांगल्या कानात बोळा घालायचा आणि आजारी कानाने रोज हळू आवाजात संगीत ऐकायचं. काही ठिकाणी हे औषधांसोबत करून बघतात, त्या म्हणाल्या, औषधांऐवजी नाही. "सुटी गाणी नकोत. पूर्ण अल्बम घ्या, ज्याचा क्रम पाठ आहे असा. एक संपलं की पुढचं काय येणार हे डोक्याला माहीत हवं. दोन-तीन निवडा."

आयुष्यात कधी कुणी विचारलं असतं की तुला घडवणारे अल्बम कोणते, तर मी क्षणात सांगितलं असतं. इथेही पहिले दोन तसेच सांगितले.

पहिला, चळवळीच्या गाण्यांच्या जलशाची कॅसेट. बाबांच्या तरुणपणी त्यांच्या मित्रांनी नागपूरला जाऊन रेकॉर्ड केली होती. निळं कव्हर, मुखपृष्ठ बाबांनी छापलेलं. सभेच्या बाहेर पत्रकांच्या शेजारी ती विकायला असायची. माझ्या लिहिण्यातली अर्धी वाक्यं तिथून आलेली आहेत.

दुसरा, कॉलेजात असताना फोनवर मिळालेला एक हिंदी रॅपचा अल्बम. गोंदियाच्या रस्त्यावर बोलतात तशी भाषा, आणि आमच्या वयाचा राग. माझ्या डोक्यातलं हिंदी त्याने सरळ केलं.

जलशाची कॅसेट मी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून फोनमध्ये उतरवून घेतली. तिसऱ्या अल्बमवर अडले. कोणता जास्त महत्त्वाचा, याचा विचार करत बसले होते.

"ती बेंजोवाली घे ना," आई भाजी निवडत म्हणाली.

बेंजो म्हणजे बटणं दाबून तारा वाजवायचं आमच्याकडच्या लग्नाच्या बँडमधलं वाद्य. आईकडे अशी एक कॅसेट होती, गोंदियातल्या कुणा बँडवाल्याने वाजवलेली. दोन्ही बाजू नुसतं वादन, मागे ढोलकी. गाणं नाही, शब्द नाही.

बाबा म्हणाले, "त्यात काय आहे आयकाले? एक शब्द तं नाही."

"मनून तं मले पुरते," आई म्हणाली. "दिवसभर तुमचे शब्दच आयकून राहिलो आमी बापा."

बाबांनी पेपर वर केला. मी हसले, आणि कॅसेट उतरवली ती आईचं मन राखायला.

आता जे झालं ते असं. जलसा लावला. डाव्या कानात डब्यात दगड हलवल्यासारखं काहीतरी वाजलं, पण मला सगळं कळत होतं. प्रत्येक ओळ, प्रत्येक घोष. मला फार आनंद झाला. मी आईला बोलावलं, म्हटलं, ऐकू येतंय. आईने फोन हातात घेतला, काहीतरी केलं आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, आता तिसरं कडवं. आईने फोन माझ्यासमोर धरला. तिने तो बंद केला होता.

मी ऐकत नव्हते. मी म्हणत होते. त्या गाण्यांचं पुस्तक मी लहानपणापासून वाचलेलं आहे, त्याची प्रुफं तपासलेली आहेत. आवाज नसला तरी शब्द चालूच राहतात. रॅपचंही तेच झालं. ज्या अल्बमनी मला घडवलं, त्यांना माझ्या कानाची गरजच नव्हती.

बेंजो लावला तेव्हा काहीच मदतीला आलं नाही. जेवढं ऐकू आलं तेवढंच होतं. पहिल्या दिवशी नुसती ढोलकीची धप. सूर नाही. पण क्रम मला पाठ होता, हे मला तेव्हा कळलं. ढोलकी थांबली की पुढे संथ चाल येणार हे मला माहीत होतं, आणि ती कुठून माहीत आहे हेही आठवलं. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत आई लोकांच्या बांधीतून मजुरी करून परत यायची, जेवायची, आणि दुकानातल्या पत्रकांच्या घड्या घालायला बसण्याआधी जमिनीवर आडवी होऊन ही कॅसेट लावायची. ती बाजू संपेपर्यंत कुणी हाक मारायची नाही असा तिचा नियम होता. बाबांनाही तो लागू होता. मी शेजारी पडून राहायचे. घरातली ती एकच गोष्ट होती जी आम्हाला काही शिकवत नव्हती, काही करायला सांगत नव्हती.

मजूर बाईला अर्धा तास कुणाचंही न ऐकण्याचा हक्क आहे, असं पत्रक आमच्या दुकानात कधी छापलं गेलं नाही. आईने ते न छापताच अमलात आणलं होतं.

म्हणून रोज बेंजो. एका दुपारी ढोलकीखालून सुराची खालची बाजू वर आली, पाण्यातून दगड दिसावा तशी अस्पष्ट. मी खात्री करायला आईला फोन मधेच बंद करायला सांगितलं. तिने केला. सूर गेला. पुन्हा लावला. सूर आला. आई म्हणाली, "आता खरं."

पुढच्या ऑडिओमेट्रीत निळी रेघ डाव्या टोकाला वर उचललेली होती. खालच्या पट्टीचे आवाज बरेच परत आले आहेत. वरच्या पट्टीचे आले नाहीत आणि आता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. तारेची झणक मला उजव्या कानातच ऐकू येते. शिटी आहे, पण मी तिच्याकडे लक्ष देत नाही. रस्त्यावर हॉर्न कुठल्या बाजूने आला ते कळत नाही, आणि बोलणं ऐकू यावं म्हणून सोबतच्या लोकांना मी उजवीकडे चालायला सांगते. सभेत डाव्या टोकाची खुर्ची धरते.

लवकर गेले असते तर पूर्ण आलं असतं का? डॉक्टरांनी याचं उत्तर दिलं नाही, आणि मीही ते तयार करून घेत नाही. डीजेविरुद्धचं नवं पत्रक लिहिलं. त्यात माझा कान नाही. पूर्वीपेक्षा कमी लोक वाचतात. तपासणीवाल्या मॅडमची, इंजेक्शन देताना हात धरणाऱ्या नर्सताईंची आणि आईची मी ऋणी आहे.

तुमच्याकडून एकच हवं आहे. आज संध्याकाळी तुम्हाला पाठ असलेला एक अल्बम निवडा, शब्द नसलेला. आवाज हळू ठेवा. एक कान बोटाने बंद करून दुसऱ्याने ऐका, मग बाजू बदला. दोन्हीकडे सारखं वाजलं तर घरातल्या पुढच्या माणसाला ऐकायला द्या. फरक वाटला तर तेल टाकू नका आणि कारण शोधत बसू नका. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा आणि ऑडिओमेट्री करा म्हणून सांगा.