ट्रॅक्टरच्या रंगाची आत्या

जगात ज्या ज्या वस्तूला गंज चढू शकतो, ती ती वस्तू आपल्याच देखरेखीखाली आहे, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. तुम्ही तिच्याकडे गेलात तर ती आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, तुमच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरकडे पाहते. "तब्येत कशी हाय?" हा प्रश्नही ती त्यालाच विचारते, अशी मला बरीच वर्षं शंका आहे. सत्तरीला टेकलेली, जेमतेम पाच फुटांची, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हातात तारेचा ब्रश. अमडापूरपासून थोडं आत तिचं गाव आहे आणि तिथं कुणालाही 'पिवळं घर' विचारलं की थेट तिच्या दारात आणून सोडतात. खरं तर घराच्या भिंतींना चुना लागून कैक वर्षं झाली. भिंतीला गंज चढत नाही, त्यामुळे भिंतीबद्दल आत्याला काडीची आस्था नाही. पण भिंती सोडून जे जे लोखंडी आहे, ते सगळं पिवळंजर्द. तिच्या घराला बारा महिने हळद लागलेली असते.

या सगळ्याची सुरुवात एका पेरणीयंत्रापासून झाली. ते गंजून गंजून इतकं तांबडं झालं होतं की तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तो यायच्या आत आत्या नांदुऱ्याला गेली आणि ट्रॅक्टरला, अवजारांना मारतात तो स्वस्तातला रंग घेऊन आली. दुकानदारानं "मावशी, घरासाठी चांगला रंग दाखवू का?" असं विचारलं, तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते दुकानदार अजून गिऱ्हाइकांना ऐकवतो. "चांगला रंग दाखवाले असते बापू, ट्रॅक्टरचा रंग टिकाले असते. उन्हात टिकते, पान्यात टिकते, शेनात टिकते, मंग माह्या घरात काऊन नाई टिकनार?" यंत्र दोन दिवसांत नवंकोरं झालं. भंगारवाला आला, पाहून चाट पडला आणि स्वतःच्या हातगाडीला कोणता रंग मारावा हे विचारून गेला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण डब्यात थोडा रंग उरला. उघडलेल्या डब्यातल्या रंगावर साय धरते, तो वाया जातो, म्हणून आत्यानं लोखंडी पलंग रंगवला. मग पत्र्याची पेटी, कूलर, कोठी. कोठीच्या झाकणाला रंग कमी पडला म्हणून नवा डबा आला, आणि त्यातला उरला म्हणून मामांची सायकल पिवळी झाली. रंग उरला म्हणून वस्तू शोधायची आणि वस्तू उरली म्हणून रंग आणायचा, असा संसार गेली कित्येक वर्षं चालू आहे. मामा शांत माणूस. ओल्या पलंगावर झोपून त्यांच्या तीन बंड्या पिवळ्या झाल्या, पण तक्रार नाही. एकदा फक्त मला हळूच म्हणाले, "मी अधूनमधून हालत असतो म्हनून बरं. नाई त मलेही एक हात मारला असता तिनं."

तिच्या पद्धतीत मात्र आळसाला जागा नाही. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रॉकेलचा बोळा, मग लाल प्रायमर, तो वाळला की पिवळा एक हात आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. मी एकदा तिच्या खिडकीचे गज रंगवताना घासायचं काम अर्धवट उरकून प्रायमर लावायला घेतला. तिनं माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "गंजावर रंग मारनं म्हंजे तापानं फनफनल्या मानसाले पावडर लावनं होय बे," असं म्हणून तिनं मला पहिल्या गजापासून सुरुवात करायला लावली. शेगावला दर्शनाला नेलं तर उतरलो त्या लॉजच्या जिन्याचा कठडा तिनं नखानं खरवडून पाहिला आणि मॅनेजरला बोलावून दहा मिनिटं समज दिली. तो बिचारा "हो माताजी, हो माताजी" करत राहिला. आम्ही निघालो तेव्हा तो तिच्या पाया पडला. भक्तीनं की सुटकेच्या आनंदानं, ते कळलं नाही.

पण जिथं तिचा ब्रश चालत नव्हता अशी एक जागा होती, आणि ती तिच्याच अंगणाच्या तोंडाशी होती. आत्या आणि तिची धाकटी जाऊ, जिला आम्ही काकू म्हणतो, एकाच घराच्या दोन भागांत राहतात. अंगण सामाईक, फाटक सामाईक. फाटकाला दोन पल्ले. वाटणीत डावा आत्याचा आणि उजवा काकूंचा. काकूंच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत आत्याचं नाव खाली कुठंतरी, दूरच्या नातेवाइकांच्या घोळक्यात छापलं गेलं. तेव्हापासून नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आत्यानं आपला पल्ला पिवळा केला तो बरोब्बर मधल्या फटीपर्यंत. उजवा पल्ला गंजत राहिला. आत्या मामांना मोठ्यानं सांगायची, "गंज चालता असते म्हना. इकडं येऊन राह्यला म्हना." पलीकडून काकू आपल्या कोंबड्यांना दाणे टाकत म्हणायच्या, "काही लोकायले दुसऱ्याच्या पल्ल्याची लय काळजी हाय बाप्पा." कोंबड्या आणि मामा, दोघांनीही या वादात कधी मत दिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काकू न्हाणीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं आणि पुढे त्या मुलाकडेच राहिल्या. दोन महिने झाले, त्या आल्या नाहीत. काकू आता मुलाकडेच राहणार, घराचा तो भाग विकणार, असं गावात लोक बोलू लागले. एका शनिवारी मला बुलढाण्याला आत्याचा फोन आला. "उद्या ये. जुने कपडे घालून ये." एवढंच.

गेलो तर आत्या उजव्या पल्ल्यासमोर स्टूल टाकून बसलेली. मी म्हटलं, "आत्या, हा काकूंचा आहे."

"मले दिसते," ती म्हणाली. "घास."

दिवसभर घासलं. दर दोन गजांमागे ती बोटानं तपासत होती. संध्याकाळी प्रायमर लागला. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, पिवळ्या डब्याचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर तिनं माझा हात धरला. खाटेखालून दुसरे दोन डबे काढले. एक ट्रॅक्टरचा निळा, एक पांढरा. जुन्या डालड्याच्या डब्यात ती काडीनं दोन्ही मिसळत राहिली. जास्त गडद झाला, पांढरा टाक. फिका झाला, निळा टाक. मी इतक्या वर्षांत तिला कोणत्याही रंगाबद्दल इतकं अडताना पाहिलं नव्हतं.

"काऊन, पिवळा नको?" मी विचारलं.

"तिले पिवळा आवडत नाई," आत्या डब्यातच पाहत म्हणाली. "लग्न होऊन आली तवा आस्मानी लुगडं होतं तिच्या अंगावर. सोळा वर्षांची होती. या फाटकातून आत याले भेत होती. म्याच हात धरून आनली." आणि मग एकदम, "पाह्यत काय राह्यला? डबा धर." ब्रश मात्र तिनं स्वतःच चालवला.

काकू होळीच्या आधी परतल्या. मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो, हे कबूल करतो. मुलगा गाडीतून सामान काढत होता आणि त्या वॉकर घेऊन फाटकापाशी येऊन थांबल्या. अंगणात आत्या डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण मघापासून ती निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होती. काकूंनी आस्मानी पल्ल्यावरून हात फिरवला, वर, मधे, जमेल तितका खाली. मुलगा काही बोलणार होता. मामांनी त्याला डोळ्यानं गप्प केलं.

"खालची कडा राह्यली, बाई," काकू म्हणाल्या.

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "वाकता येत नाई आता मले."

"मले तरी कुठं येते?"

आत्या उठली, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, आणि तिनं फाटक उघडून धरलं.

हल्ली दोघी संध्याकाळी फाटकाशी दोन खुर्च्या टाकून बसतात. दोन्ही खुर्च्या पिवळ्या आहेत आणि त्याबद्दल काकूंचं रोज काही ना काही म्हणणं असतं. आत्याचा ब्रश आता कमी चालतो. बोटं आखडतात, झाकण उघडत नाही. परवा गेलो होतो तेव्हा मीच म्हटलं, आलोच आहे तर ती खालची कडा रंगवून टाकतो. ब्रश आणायला वळलोही होतो.

"राहू दे," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि आत्यानं मला चहा ठेवायला पाठवलं.