भोंगा, पाळणा आणि तिजोरी

जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, दिवसभर फिरलं की कापसाचे तंतू कुठं कुठं अडकतात ते घरी आल्यावर कळतं. कानात, भुवयांत, कोटाच्या शिवणीत. किस्स्यांचंही तसंच. आपण तपासणीला जातो आणि परतताना अंगावर गोष्टी घेऊन येतो.

कॉलेज संपवून मी सरकारी इन्स्पेक्टर साहेबांचा मदतनीस झालो. साहेब हैदराबादचे, मी इथलाच. जालन्याच्या जिनांमधले बॉयलर आणि माल वर चढवणारे पाळणे तपासायचे, हे आमचं काम. पाळणा म्हणजे दोराला टांगलेला लाकडी पिंजरा. त्यात फक्त कापूस चढवायचा, माणूस नाही, असा नियम. एका जिनात मात्र कापसापेक्षा माणसंच जास्त चढत होती, आणि दोर जुना होता. मला तो पाळणा बंद करायचा होता. आजच्या आज!

*

या जिनात आम्ही कधीही गेलो तरी पाळणा रिकामा असायचा. मला नवल वाटायचं. स्टेशनवर जिनाच्या मालकांचा, शेठजींचा, टांगा हजर असे. तो आम्हाला गावातल्या मस्तगड भागातून फिरवून, चहा पाजून जिनात नेई. आम्ही फाटकाशी आलो की भोंगा वाजे. शेठजी म्हणायचे, साहेबांच्या मानासाठी.

एकदा मी हट्टानं साहेबांना पायी नेलं. दरवानानं दोघांनाही फाटकात उभं केलं.

"जरा थांबा साहेब. भोंगा वाजल्याबिगर तुम्हाला आत सोडायचं न्हाई, असा हुकूम आहे."

*

'माणसांनी पाळण्यात बसू नये' ही पाटी उर्दूत होती. कामगारांना ती वाचता येईना. मी मागं लागून मराठी पाटी रंगवून घेतली. पुढच्या फेरीला पाहतो तर पाटी गायब.

शेठजींना विचारलं. ते म्हणाले, खाली फार धूळ, नवी पाटी खराब झाली असती, म्हणून वरच्या मजल्यावर नीट लावली आहे.

पाटी खरंच छान लावली होती. पाळण्यातून वर उतरलं की समोरच दिसायची.

*

गंगूबाई केदारखेड्याची. डोक्यावर कापसाचा बोजा आणि गुडघ्यांत कळा. ती रोज पाळण्यातूनच वर जाई. मी तिला दोर तुटला तर काय होईल ते चांगलं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला जिना दाखवला. दोन पायऱ्या निखळलेल्या, कठडा नाही.

"भाऊ, तुमच्या कायद्यात जिना न्हाई का?"

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब निखळलेल्या पायऱ्या मोजू लागले होते.

"आन् शेठ रोज सांगून राह्यलेत, दोर पक्का हाये म्हणून," ती म्हणाली. "ते का खोटं बोलतील?"

*

दोर जवळून पाहावा तर त्याला लाल कापड गुंडाळलेलं. खंडेनवमीची पूजा झाली आहे, हात लावू नका, असं शेठजी म्हणाले. साहेबांनी बूट काढले, हात धुतले आणि अदबीनं कापड सोडलं. आत दोराचे पीळ तुटलेले, त्यावर सुतळी करकचून बांधलेली.

शेठजी जराही गडबडले नाहीत. "तो नवस बांधलाय, साहेब."

"किसका?" साहेबांनी विचारलं. "रस्सी का, या चढनेवालों का?"

*

तरीही पाळणा बंद होईना. शेठजींचं म्हणणं, वरचे दोन पीळ गेले म्हणून काय झालं, आतला दोर बिलकुल पक्का आहे. शेवटी साहेबांनी ठरवलं, पूर्ण वजन चढवून पाहू.

पण चढवायचं काय? हंगाम सरत आला होता, कापसाच्या गाठी मालगाडीनं गेल्या होत्या, काट्याची वजनं पुरत नव्हती.

"त्यात काय एवढं!" शेठजी म्हणाले. "माणसं आहेत ना. गंगूबाई, चढ बरं. तुम्ही पण चढा रे."

गंगूबाई चढली. तिच्यामागं हमाल चढले. माझा संयम सुटला. माणसं काय वजनं आहेत का, म्हणून मी सगळ्यांसमोर ओरडलो. शेठजी हसून म्हणाले, "धाकटे साहेब, तुम्ही घाबरट. ही रोजच जातात. दोराची जबाबदारी माझी."

साहेबांनी मला हातानं गप्प केलं आणि शेजारच्या शेठजींच्या पेढीच्या उघड्या दाराकडं बोट दाखवलं.

"शेठजी, आदमी हिलते हैं. वजन हिलना नहीं चाहिए. वो तिजोरी रखवाइए."

पेढीतल्या हमालांनी तिजोरीखाली गोल लाकडं सरकवली. ती गडगडत उंबऱ्यापर्यंत आली, तसे शेठजी दोन्ही हात पसरून आडवे आले.

"अहो, थांबा, थांबा! दोर तुटला तर?"

गंगूबाईनं मान वर करून दोराकडं पाहिलं, मग शेठजींकडं. पदर खोचला आणि उतरली. तिच्यामागून एकेक हमाल उतरला.

त्या दिवशी भोंगा न वाजताच पाळणा रिकामा झाला.