छप्पन्न ठोके

झोप लागताना आधी हातपाय जातात, मग वास, आणि आवाज अगदी शेवटी. हे मी कुठे वाचलेलं नाही, स्वतःवर पाहिलेलं आहे. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. मी सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर आडवी आहे. बाहेर हमाल गाडी उतरवतायत. पोतं जमिनीवर पडलं की एक जाड, बुजलेला आवाज येतो. दोन आवाजांमधलं अंतर मी मोजते. साडेचार सेकंद. मग पाच. पुढचा आवाज येतो तेव्हा माझी बोटं मला जाणवत नाहीत.

पाच वाजता आमच्या ‘वखार’ बँडचा नवा अल्बम म्युझिक कंपनीला पाठवायचा आहे. लॅपटॉप पायाशी आहे, फाइल तयार आहे. हे गोदाम आमच्या ड्रमरच्या, भरतेशच्या वडिलांचं. इथल्याच एका खोलीत आम्ही सराव करायचो. नव्या हंगामाचा माल येतोय, खोली मोकळी करून द्या, असं काकांनी कळवलं, म्हणून मी वायरी गोळा करायला आले. भरतेशचा स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला तो छोटा, कडक आवाजाचा ड्रम, माझ्या उशाशी आहे. त्याच्या कडेला चिकटपट्टीखाली कसलीशी कागदाची घडी आहे. आवाज फार घुमू नये म्हणून ड्रमवाले असं काहीबाही चिकटवतात. भरतेशला जाऊन सात महिने झाले. डेंग्यू, चार दिवस.

“उठ की गं. डोकं ठेवायला माझाच ड्रम गावला व्हय?”

तो समोरच्या थप्पीवर पाय हलवत बसलाय. चौकड्यांचा शर्ट, खिशात दोन काठ्या. मला आश्चर्य वाटत नाही. हे स्वप्न आहे की आणखी काही, ते मात्र ठरवायचं आहे.

“भरत्या, तू गेलायस ना?”

“तुला म्हाईत. मोजमाप समदं तुझ्याकडं असतंय, सायंटिस्ट.” तो हसतो. “अल्बम झाला म्हणं.”

“झाला. नाव ‘समतल’.”

“कुणी ठेवलं?”

“मी.”

“वाटलंच. रस्त्याच्या ठेकेदारागत नाव हाय.”

पहिला अल्बम आम्ही चौघांनी इथेच, एकदम वाजवून केला होता. तिसऱ्या गाण्यात मागे एका हमालाची हाकसुद्धा ऐकू येते. नवा तसा नाही. प्रत्येकाने वेगळं वाजवायचं, कानात घड्याळासारखी टकटक ठेवून. गिटार कमी, सिंथचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे, लांब सूर जास्त, मध्ये पुष्कळ मोकळी जागा. कल्पना माझी होती. मी एम.एस्सी. फिजिक्स, बँडमध्ये कीबोर्ड वाजवते आणि रेकॉर्डिंगही मीच सांभाळते. तो स्वच्छ आवाज मला अजूनही आवडतो, हे मी त्याला सांगते.

“आवडू दे की,” तो म्हणतो. “मलाबी आवडत होता. खोटं कशाला बोलू?”

हे मला माहीत नव्हतं. मी काही विचारणार, तोवर तो उठून चालायला लागलाय आणि थप्प्यांच्या जागी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली टेबलं आहेत. प्रत्येक टेबलावर एक लंबक. सगळे एका तालात झुलतायत, इतके अचूक की एकच आवाज येतो. भरतेश जाता जाता शेवटच्या काहींना टिचकी मारतो. ते जरा लवकर परत येतात. मग आणखी लवकर.

“शेवटच्या कडव्यात पळतोस तू,” मी म्हणते.

हेच वाक्य मी त्या दिवशी म्हटलं होतं, ह्याच आवाजात. शेवटच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. शेवटच्या कडव्याआधी त्याने हेडफोन ओढून गळ्यात घातले आणि टकटक न ऐकता वाजवलं. त्या कडव्यात छप्पन्न ठोके आहेत. मी प्रत्येक ठोका किती मिलिसेकंद आधी पडला ते काढलं, आलेख केला, खाली आकड्यांचा तक्ता, आणि छापून सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. ओजस, आमचा गायक, हसला होता. भरतेशने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. “ठेवतो. कामाला येईल.”

मग मी ते छप्पन्न ठोके एकेक करून घड्याळाच्या रेघेवर सरकवले. लॅपटॉपमध्ये जागा हवी होती म्हणून मूळ फाइल पुसून टाकली.

शेवटच्या टेबलापुढे दवाखान्याचा पॅसेज आहे. फिनेलचा वास येतो, म्हणजे मी अजून पूर्ण झोपलेली नाही, असं मला वाटतं. भरतेश बाकावर बसलाय. हाताला सलाइनची पट्टी, हातात फोन. फोनवर माझाच मेसेज उघडा आहे. सरळ केलेलं गाणं, आणि खाली: ‘आता बघ, एकही चुकत नाही.’

तो मेसेज त्याने दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी पाहिला होता. दोन निळ्या खुणा. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

“ऐकलंस का?” मी विचारते. सात महिने मला एवढंच विचारायचं आहे.

“ओज्या कसा गातोय?”

“बरा. भरत्या, ऐकलंस का तू?”

“शेवटची ओळ एका दमात घेतली का त्यानं?”

“नाही. चार वेळा गायला. शेवटची दोन अक्षरं मी दुसऱ्या टेकमधून जोडली.”

“का गं?”

“श्वास पुरत नव्हता.”

“किती कमी पडत हुता?”

“साधारण एक सेकंद.”

प्रॅक्टिकलला एखाद्या पोराच्या हातात उत्तर असतं आणि त्याला ते दिसत नसतं, तेव्हा मास्तर थांबतात तसा तो थांबतो.

“आणि मी किती आधी पोचायचो?”

मला आकडा पाठ आहे. शेवटचा ठोका एक हजार चौतीस मिलिसेकंद आधी. एक सेकंद. दोन्ही आकडे माझ्याकडे होते, दोन वेगळ्या फाइलींमध्ये.

“त्याच्या खिशात दम्याचा पंप असतोय. बघितलायस की तू.”

“मग सांगायचंस ना!”

“समद्यांसमोर? त्याचं?” तो मान हलवतो. “दम संपायच्या आत त्याला शेवटाला पोचवत हुतो, बास. पळतोय म्हणलीस तर म्हणलीस.”

त्याच्या मांडीवर आता स्नेअर आहे. तो दोन बोटांनी हळू वाजवायला लागतो. ड्रमवर हळदीची धूळ आहे. ती उडते आणि जिथे पडदा थरथरत नाही तिथे जमा होते. एक वर्तुळ, त्याच्या आत दुसरं. मी वाकून बघते. बाहेरचं वर्तुळ एका बाजूला तुटलंय, तिथे ती कागदाची घडी चिकटवलेली आहे. घडीच्या वजनामुळे असं होत असणार.

“बघ,” त्याचा आवाज येतो. “अजून माझ्याकडं नाही, त्या वर्तुळांकडंच बघतीयस.”

मी मान वर करते.

“काढ त्यो कागद,” आवाज म्हणतो. “घुमू दे जरा.”

बाक रिकामा आहे. पोतं पडतं. पॅसेज पिवळा होत जातो. आणखी एक पोतं पडतं.

चार वाजून पाच मिनिटं. माझा गाल स्नेअरच्या कडेला टेकलेला आहे आणि मूठ घट्ट मिटलेली. मुठीत कागदाची घडी, तिला लोंबणारी फाटकी चिकटपट्टी. झोपेत मीच ओढून काढली असणार, दुसरं स्पष्टीकरण नाही. बोटं पहिल्या पेरापर्यंत पिवळी आहेत.

चार घड्या उलगडते. वर आलेख, हळूहळू चढत गेलेली रेघ. खाली छप्पन्न आकडे. काठीच्या मारांनी कागदाला जागोजागी खड्डे पडलेत, पण एकही आकडा गेलेला नाही. मूळ फाइल नाही, तरी ह्या आकड्यांवरून प्रत्येक ठोका जिथून उचलला तिथे परत ठेवता येईल.

ओजसला फोन लावते.

“पाठवला का?” तो विचारतो.

“नाही. आज पाठवत नाही. तू शेवटची ओळ परत गायचीस, एका दमात.”

“येडी आहेस का? चार वेळा केलं की. श्वास पुरत नाही मला.”

“पुरेल.”

त्याचा श्वास मला ऐकू येतो. “कशावरून?”

“ये तू. सांगते.”

लॅपटॉप मांडीवर घेते, कागद शेजारी ठेवून त्यावर हात फिरवते. ‘ऐकलंस का’ ह्याचं उत्तर ह्या तक्त्यात नाही. ते आता कुठेच नाही. पहिला ठोका शून्य. दुसरा एक मिलिसेकंद आधी. दहावा तेहतीस. मी एकेक आकडा टाकत जाते, आणि ज्या बटणावर बोट ठेवते त्याच्यावर पिवळा ठसा उमटतो.