तिसरी वायर

तो गॅरेजवाला मला आर्णीत एकदाच भेटला. माझी जुनी गाडी मिसिंग करत होती, चढावर गचके देत होती. त्याने इंजिन चालूच ठेवलं, शॉक बसू नये म्हणून हाताला टायरच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि डोळे मिटून प्लगची एकेक वायर काढून परत लावू लागला. पहिल्या दोन वायरींना इंजिन थरथरलं. तिसरी काढली, तरी आवाज होता तसाच राहिला.

"हाच प्लग गेला," तो थकल्या आवाजात म्हणाला.

"कसं कळलं?"

"काढला तरी गाडीले फरकच नाही पडून राह्यला, साहेब. जो काम करते, तो काढला की गाडी बोंबलते."

आठ दिवसांची रजा संपवून मी ऑफिसला निघालो होतो. त्या आठ दिवसांत तिथून मला एकही फोन आला नव्हता.